तिरका काप

हौदामागे बादली लपवताना सून सापडली, तेव्हा सासऱ्यांना आनंदच झाला.

"काय आहे त्यात?"

"काही नाही, बाबा. पाचोळा."

पाचोळा म्हणे! आठवडाभर गुलाबाच्या कळ्या नाहीशा होत होत्या. संध्याकाळी पाणी घालताना बोटांना लागलेली टपोरी कळी दुसऱ्या संध्याकाळी जागेवर नसायची. कुठेतरी पाणी मुरत होतं. मुलाने तर बजावूनच ठेवलं होतं, की उन्हाळा सरताना गुलाबांना दुसरा बहर आला तर ठीक, नाहीतर कात्री माळ्याच्या हातात. आणि कपडे वाळत घालायला सुनेचा डोळा नेमका त्याच कोपऱ्यावर होता.

आताशा सासऱ्यांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. वर्तमानपत्रवाले शाई वाचवत होते. दुकानदार मंद दिवे गळ्यात मारत होता. त्यात घरातच चोर निघावा!

छाटणीत मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. वाळलेलं फूल झाडावर राहिलं की झाड बी धरत बसतं, नवी कळी देत नाही. म्हणून रोज सकाळी ते वाळकी फुलं कापत. पाच पानांच्या देठाच्या जरा वर, तिरका काप, म्हणजे पाणी साचत नाही. ही त्यांची जुनी सवय. सुनेने एकदा हौसेने कात्री चालवली होती, तर फांदी उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. घरभर हसू झालं होतं.

त्यांनी बादलीत हात घातला. मिटलेल्या, गार, भरदार कळ्या. सगळ्या बहराची माती झाली होती.

"चोर तो चोर, वर शिरजोर! येऊ दे त्याला. त्याच्यासमोरच उपडी करतो बादली."

"नको, बाबा. यांना नका दाखवू."

तेवढ्यात फाटक वाजलं. मुलगा आला होता. सासऱ्यांनी पुरावा म्हणून एक कळी उचलली आणि सवयीने अंगठा देठावरून खाली नेला. टोकाशी काप. स्वच्छ, तिरका.

त्यांनी दुसरी कळी घेतली. मग तिसरी. घरात असा हात एकाचाच होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सून अगदी हळू म्हणाली, "खाली पडलेल्या यांना दिसल्या असत्या, तर कात्री गेली असती तुमची. उद्यापासून आधी चाचपून बघा, बाबा. वाळलेलं फूल खरखरीत लागतं."

मुलगा हौदापाशी आला. "काय चाललंय दोघांचं? बादलीत काय आहे?"

सासऱ्यांनी कळ्या बादलीत सोडल्या आणि बादली सुनेच्या हातात दिली.

"पाचोळा," ते म्हणाले.