हिटीचे माग

मेहिटेबल मास्तरणींच्या विद्यालयाची प्रवेशपरीक्षा देऊन परत आली, तेव्हा खाणावळीतलं जेवणाचं लांब टेबल मोकळं करून त्यावर लव्हिनाला निजवलं होतं. तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं गिरणीतलंच, कोरं. डॉक्टर नुकतेच गेले होते. बोटं वाचली नव्हती.

"मागाच्या पट्ट्यात गेला हात," खाणावळ चालवणाऱ्या टिबेट्सबाई म्हणाल्या. "स्वतःचे माग बघायचे आणि वर तुझेही. किती ठिकाणी धावणार पोर?"

मेहिटेबल दारातच उभी राहिली. अंगावर लव्हिनाचा रविवारचा झगा होता. परीक्षेला जायला तिनंच आग्रह करून घालायला लावला होता.

लव्हिनानं डोळे उघडले. "हिटी, झालीस का पास?"

मेहिटेबलनं मान हलवली.

"तोंडानं बोल की. माझा हात गेला आणि वर तू नापास, असं असलं तर बघ मग."

"झाले. सप्टेंबरात घेतायत."

"बरं झालं," लव्हिना म्हणाली आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.

व्हर्माँटच्या डोंगरातून दोघी एकाच घोडागाडीनं या गिरणीच्या गावात आल्या होत्या. वाटेतच ठरलं होतं. आधी हिटीनं मास्तरीण व्हायचं आणि मग लव्हिनाला शिकवायचं.

टिबेट्सबाई भांडी घासायला आत गेल्या, तेवढ्यात विणकाम खात्याचा मुकादम थॉर्नडाइक आला. टेबलाकडे पाहून त्यानं टोपी काढली. लव्हिना झोपलीय असं वाटून तो हळू आवाजात बोलू लागला.

"तुझे माग हिच्याकडे कसे?"

"मी रजा मागितली होती, साहेब. तुम्हीच म्हणालात, दुसरी कोणी सांभाळत असेल तर जा."

"मी? मला नाही आठवत." तो बाकावर बसला. "तुलाही आठवत नसेल तर बरं. हे बघ पोरी, वर मला काहीतरी सांगावं लागणार. माग सोडून गेलेल्या मुलीला गिरणी चांगल्या वर्तणुकीचा दाखला देत नाही. आणि दाखला नसेल तर तुझं ते विद्यालय तुला दारात उभं करणार नाही."

मेहिटेबल दारातून दोन पावलं आत आली. मग म्हणाली, "दुसरं काय सांगता येईल?"

"हेच, की तिनं हट्टानं मागून घेतले. जास्तीच्या मजुरीसाठी. घेतात पोरी. मग चूक तिची. गिरणीवर काही येत नाही. तुझ्यावरही नाही."

आत टिबेट्सबाईंचं भांडी घासणं थांबलं.

मेहिटेबलनं लव्हिनाकडे पाहिलं. पापण्या मिटलेल्या होत्या. पण दोघी इथं एकाच पलंगावर निजत; तिचा झोपेतला श्वास हिटीला चांगला ठाऊक होता. हा तो नव्हता.

"तिनंच मागून घेतले," ती म्हणाली. "जास्तीच्या मजुरीसाठी."

थॉर्नडाइक उठला. "शहाणी आहेस. गिरणीतल्या मुलींच्या आत्मोन्नती मंडळात मी नेहमी तुझंच उदाहरण देतो. तुझ्यासारख्या मुलींच्या जिवावरच हा देश वर यायचाय." दाराशी जाऊन तो आत वळून म्हणाला, "टिबेट्सबाई, लव्हिनाला उद्याच्या गाडीनं घरी लावून द्या. जागा लागेल. नवीन मुलगी येतेय."

तो गेला. नदीपलीकडून मागांचा खडखडाट येत होता, रोजच्यासारखाच. मेहिटेबलनं पाण्याचा पेला पुढं केला. लव्हिनानं तो घेतला नाही.

"लव्हिना, मी..."

"वेणी घाल माझी."

मेहिटेबल तिच्या उशाशी गेली. केसांत कापसाचे तंतू अडकले होते. ते तिनं एकेक वेचून काढले, केस विंचरले, पेड पाडले. पेड सारखे सैल पडत होते.

"घट्ट घाल. पुष्कळ दिवस टिकली पाहिजे," लव्हिना छताकडे बघत म्हणाली. "घरी सगळे बाप्येच आहेत."