चांदमारीचं शेत

"पाय मागं घे, धाकलू. बांधावरच ऱ्हा," येसाजी म्हणाला.

धाकलू मागे सरकला. शेत त्याचंच, पण लढाईच्या वर्षांत पलटणीने ते चांदमारीला, तोफांच्या सरावाला घेतलं होतं. पलटण गेली आणि न फुटलेले गोळे मातीत राहिले. मागल्या साली तिथे पोशाची म्हैस उडाली. तेव्हापासून कडाव गावचं कुणी तिकडे फिरकत नव्हतं.

येसाजी लढाईत सुरुंग हुडकायचं काम करायचा. इटलीतून जिवंत परतला होता. परवा लष्कराचा साहेब यंत्र घेऊन आला, तेव्हा अख्ख्या गावाने त्याचंच नाव पुढे केलं. येसाजी क्षणभर साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मान डोलावली.

लांब दांडा, टोकाला थाळीएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी.

"जमिनीला लावनार नाय व्हय रं?" धाकलूने विचारलं.

"वरूनच फिरवायचं. खाली लोखंड असलं की कानात सूर चढतो. टेकलं, तर आयकायला मानूस उरत नाय."

त्याने कानांवर झाकणं चढवली आणि शेतात उतरला.

धाकलू त्याचं प्रत्येक पाऊल बघत होता. दोन जागी गोळे चिखलातून अर्धे वर आले होते. येसाजीने तिथे लाल चिंध्या रोवल्या. साहेबासोबतच्या शिपायांनी गोळे उचलून नेले. सारं शेत फिरून तो बांधावर आला तेव्हा घामाने निथळत होता.

"बाकी?" धाकलूने विचारलं.

"कुठं आवाज आला नाय."

साहेब यंत्र घेऊन गेला. धाकलू बैल जुंपायला निघाला, तर येसाजी आडवा आला.

"तुझे नको. माझे जुंपतो. नांगर बी मीच धरनार."

"आरं, शेत माझं..."

"मी सांगंपातूर बांधावरनं हलू नको."

धाकलू बांधावर बसला. लहानपणचा सोबती, पण सख्ख्या भावाने केलं नसतं ते हा करत होता.

नांगराचं एकेक तास उलटत गेलं. कुठे काही झालं नाही. धाकलूच्या छातीवरचा दगड हळूहळू उतरला. तेवढ्यात त्याची बायको मोतीबाई भाकऱ्या घेऊन आली. सोबत येसाजीची बायको बायजा होती.

"येसाजी, भाकर आली रं!" धाकलूने हाक दिली.

येसाजी पाठमोरा चालतच राहिला. धाकलूने पुन्हा हाक मारली, मग हसला. "लई गुंगलाय कामात. मोते, जा गं, हाताला धरून आन त्याला."

मोतीबाईने शेतात पाय टाकायला उचलला, तोच बायजाने तिचं मनगट गच्च धरलं.

"जाऊ नको, मोतीबाय!"

"का गं? शेत साफ हाय की आता."

बायजाची नजर नांगरावरून हटत नव्हती.

"त्यांचे कान तिकडंच ऱ्हायले, लढाईत," ती म्हणाली. "समोरच्याचे ओठ बघून बोलत्यात. ढग गडगडला तरी आयकू येत नाय त्यांना."