हेडलाइटची काच
फौजेतून निवृत्त झालेल्या कृष्णातरावांनी गुरुग्रामजवळच्या शेतावरचा जुना ट्रक मूळ हेडलाइटांसकट जपला होता. उद्या त्याच्या विंटेज नोंदणीसाठी तपासणी होती आणि नेमकं एका काचेआड पाणी शिरलं होतं. ते काच उतरवायला बसले. तशी काच दिल्लीभर शोधूनही मिळाली नसती. पण शेजारी उभ्या द्वारकाबाईंचा जीव नवऱ्याच्या थरथरत्या बोटांत अडकला होता. हिवाळ्यापासून ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत, विचारलं की "थंडी वाजते" म्हणत. आता मे लागला होता. स्क्रूड्रायव्हर निसटला, हेडलाइटची रिंग सुटली आणि घसरलेली काच द्वारकाबाईंनी पदरात झेलली. ट्रकला कृष्णातरावांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्यांनी मऊ कापड बायकोपुढे धरलं. "घासू नकोस, नुसतं टीप." मग हळूच म्हणाले, "हात आता ऐकत नाहीत गं. डॉक्टरकडं येशील माझ्याबरोबर?"