खुणेपर्यंत पाणी

"टाकीत पाणी रोज खुणेपर्यंत भर. एक दिवसही चुकवू नकोस हां." जहाजावर जायला निघताना दिपेशने बायकोला सांगितलं होतं. दक्षताने एक दिवसही चुकवला नव्हता. तरी आज, एकोणिसाव्या दिवशी, मासा मरायला टेकला होता.

टाकीच्या कोपऱ्यात, हवेच्या बुडबुड्यांना खेटून तो तरंगत होता. समुद्रातला निळा टँग मासा, पिल्लूच अजून, अंगठ्याएवढं. घरात त्याला बारकू म्हणत. कल्ले भात्यासारखे हलत होते. निळा रंग धुवून विटलेल्या कापडासारखा झाला होता. काचेला चिमट्याने लावलेला शेवाळाचा तुकडा कालपासून तसाच हलत होता. एरवी बारकू दिवसभर तो कुरतडायचा. टँगचं पिल्लू सारखं चरत राहिलं पाहिजे, पोट आत गेलं की संपलं, असं दिपेश म्हणायचा. बारकूचं पोट आत गेलं होतं.

अंगावर रोगाचे पांढरे ठिपके नव्हते. पंप चालू होता. एप्रिलच्या उकाड्यात टाकी तापू नये म्हणून पाण्यावर पंखाही फिरत होता. दक्षताने ठाण्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानात फोन लावला.

"मीठ बघा ताई. मीटरचा काटा कुठे आहे?"

"हिरव्या पट्टीत."

"मग कशाला घाबरताय? उद्या या, औषध देतो."

उद्या. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. एकवीरा आईच्या तसबिरीसमोर समई तेवत होती. दिपेशचं जहाज परवा बंदराला लागायचं होतं. तिकडच्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, आणि चार दिवस त्याचा फोन नव्हता. तो गेला त्याच संध्याकाळी ती देवीला बोलली होती, जहाज बंदराला लागेपर्यंत मीठ जिभेला लावणार नाही. एकोणीस दिवस अळणी भात, अळणी भाजी. आणि कुणाला न सांगता तिच्या मनाने आणखी एक गाठ मारून ठेवली होती. बारकूचा श्वास चालू आहे तोवर दिपेशचाही चालू आहे.

मनुबाई, तिची सासू, आतून गुडघ्यावर हात ठेवत आली. बाळकुमची जुनी कोळीण. हे खूळ तिला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. "मी जल्मभर मासे विकले नि माझा पोर मासा पोसतोय, नि सून अळणी जेवते," असं शेजारच्या हेमाला ती रोज ऐकवायची. आज मात्र ती थेट टाकीशी वाकली. काचेच्या काठावर पांढरी साय धरली होती. तिने ती नखाने खरवडली, बोटांत चुरून पाहिली.

"कंच्या कॅनातलं पानी टाकतंस?"

टाकीखाली दोन कॅन होते. पांढऱ्यात फिल्टरचं साधं पाणी. निळ्यात मीठ कालवलेलं, महिन्याकाठी टाकीतलं पाणी बदलायला.

"निळ्या. रोज तीन लिटर तरी लागतं." दक्षताचा आवाज बारीक झाला. "समुद्राचा जीव तो आई. त्याला गोडं पाणी कसं घालू?"

मनुबाईने मीटरवर टिचकी मारली. अडकलेला काटा सुटला आणि हिरवी पट्टी ओलांडून पार वर गेला.

"माझा बाप मिठागरान होता गं. ऊन पानी नेतं, मीठ ठेवून जातं. उडालं ते गोडं, मग भरायचं पन गोडंच." तिने सुनेकडे पाहिलं. "तू तुझं मीठ सोडलंस नि सगलं या पोराच्या पान्यात ओतलंस."

कल्याणची दक्षता. मिठागर तिने कधी जवळून पाहिलंही नव्हतं. ती पांढऱ्या कॅनकडे धावली. मनुबाईने तिचा हात धरला.

"एका दमात नको, जीव जाईल त्याचा. तांब्याभर खारं काढ, तांब्याभर गोडं घाल. दोन दिस लागतील. काट्याचा भरवसा नाय. मधीमधी चव बघ नि त्या बाटलीशी जुलव."

फळीवर दिपेशने ठेवलेली बाटली होती, बरोबर खारट पाण्याचा नमुना.

"मीच बघितली असती. पन मागच्या तापानं माझ्या जिभेची चव गेली. साखर नि मीठ मला एकच." मनुबाई देव्हाऱ्याकडे एक नजर टाकून हळूच म्हणाली, "चव बघायला हेमाला हाक मारू?"

दोन दिवस. व्रताचेही दोनच उरले होते. बारकू एकदा बाजूला कलंडला आणि कसाबसा सरळ झाला.

"नको," दक्षता म्हणाली. "शब्द मी दिलाय."

"देवीला तोच तर दिलास ना, मीठ शिवनार नाय म्हनून?"

दक्षताने फळीवरची बाटली घेतली. तिने बाटलीचं झाकण फिरवलं. पाणी खुणेपर्यंत भर, असं दिपेश म्हणाला होता खरं. पण ते त्याचं अर्धंच बोलणं होतं. उरलेलं अर्धं ती एकोणीस दिवस मनात दाबून बसली होती.

"नि काट्यावर विसंबू नकोस, तो अडकतो. रोज एक थेंब जिभेला लावून बघ. बघशील ना?" दिपेशने विचारलं होतं.

"हो," ती म्हणाली होती, देवीसमोर बसायच्या दोन तास आधी.

तिने तसबिरीला हात जोडले. मग बाटलीत बोट बुडवलं आणि ते पाणी जिभेवर ठेवलं.