उन्हाळ्याची शिकवणी

"आठ वाजले. खिडक्या लाव," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, आत्ताच कुठे जरा वारा सुटलाय," लेक कुरकुरली.

"तो वारा नाही, भट्टीची फुंकर आहे. आता आत घेतलीस तर दिवसभर तिचा पाहुणचार करत बसावं लागेल."

लेकीने मुकाट्याने खिडक्या लावल्या आणि त्यांवर ओल्या चादरी टांगल्या. तिला येऊन नऊ दिवस झाले होते. आल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद होतं, "बाबा, माझ्याकडे चला. या वाळवंटात एकटे किती दिवस काढणार?"

बाबा पाणीपुरवठ्यात पंप चालवून निवृत्त झालेले. भाड्याच्या या दोन खोल्यांत त्यांची तीस वर्षं गेली होती. बायको गेली तरी त्यांनी जागा सोडली नव्हती, आणि आता जावयाच्या घरी जाऊन पाहुण्यासारखं बसणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण लेकीशी वाद घालायलाही अंगात रग लागते. म्हणून त्यांनी वेगळीच युक्ती काढली. पोरीला इथला उन्हाळा शिकवायचा. एकदा तिला त्यातली गोडी कळली की आपल्याला न्यायचा नाद सोडून मुकाट परत जाईल.

मग रोज शिकवणी सुरू झाली. आंघोळीचं पाणी आदल्या संध्याकाळीच बादलीत काढून ठेवायचं, कारण दुपारी नळाला चहाचं आधण येतं. बाजार सकाळी सहाला उरकायचा. बारा ते पाच मेल्यासारखं पडून राहायचं आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. ऊन कललं की गच्चीवर दोनदा पाणी मारायचं.

"दोनदा कशाला?"

"पहिलं पाणी गच्ची पिते. दुसरं आपल्यासाठी."

लेक भराभर शिकली. चौथ्या दिवशी तिने स्वतःच गच्ची भिजवली आणि त्या गारव्यात पाय पसरून बसली. वर्षानुवर्षं इथेच राहिल्यासारखी कलिंगड खात बसली. बाबा मनातल्या मनात खूश झाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. "येताय ना माझ्याकडे?"

"नाही," बाबा म्हणायचे. मग दुपारी ती जी गाढ झोपायची, ती थेट पाचला उठायची.

थकलेली तर ती दिसतच होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. फोन वाजला की बंद करून उशीखाली सारायची. जावयाची चौकशी केली की "बरे आहेत" एवढंच. चार दिवसांसाठी म्हणून आली, तर तीन बॅगा घेऊन. त्यातल्या एकीत चक्क स्वेटर निघाले.

"अगं, इथे स्वेटर? अंडी उबवणार आहेस काय?"

"घाईत भरले हो," ती म्हणाली आणि बॅग पलंगाखाली ढकलली.

दहाव्या दिवशी दुपारी तिचा घोळणा फुटला, नाकातून रक्त वाहू लागलं. बाबांनी तिला आडवं केलं, डोक्यावर पाणी थापलं. पोर पांढरीफटक पडली होती, तरी हसून म्हणाली, "काही नाही हो बाबा. होईल सवय."

ते ऐकून बाबांना स्वतःचाच राग आला. आपल्या हट्टापायी ही स्वतःचा संसार सोडून इथे वाळते आहे, आणि आपण म्हातारे तिला गच्ची भिजवायला शिकवतोय! आपल्याला घेतल्याशिवाय ती काही हलायची नाही. त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही. या भिंतींवर जीव होता त्यांचा, पण लेकीहून जास्त नव्हता.

सकाळी ते घरमालकाकडे गेले. परत आले तेव्हा लेक भाजी चिरत होती.

"तू जिंकलीस," बाबा म्हणाले. "घर सोडलं."

तिचा हात थांबला. "काय केलंत?"

"मालकांच्या भाच्याला जागा हवीच होती. माझ्यासमोरच किल्ल्यांचं ठरलं. एक तारखेला तो राहायला येतोय. मन घट्ट केलं बघ आणि देऊन टाकला शब्द. आता बॅगा भर. आपण तुझ्या घरी जाऊ."

"शब्द मागे घेता येईल, बाबा?"

"छे, त्याने टेम्पोसुद्धा ठरवला. आणि हे काय आता? रोज सकाळी तूच तर विचारत होतीस!"

लेकीने विळी बाजूला सारली.

"तुम्ही रोज नाही म्हणायचात, हे घर आहे याचा धीर यायचा, म्हणून विचारत होते," ती म्हणाली. "बाबा, मी ते घर कायमचं सोडून आलेय."