अस्तर

शेख खलफून यांचे हात झग्याच्या काठापर्यंत गेले आणि तिथेच अडले.

कैरवानच्या वेशीबाहेर, मैदानात, सारं शहर बसलं होतं. पावसासाठीची नमाज झाली होती, प्रवचन झालं होतं. आता शेखांनी लोकांकडे पाठ करून, काब्याकडे तोंड करून अंगावरचा झगा उलटा करायचा. त्यांच्यामागून लोकांनी बसल्या जागी आपापले झगे उलटे करायचे आणि मग दुआ मागायची. झगा उलटला तसे आमचे दिवसही पालटू देत, एवढाच त्या रिवाजाचा अर्थ. तीन वर्षं पाऊस नव्हता. शहराच्या मोठ्या हौदाच्या तळाशी पोरं चेंडू खेळत होती. मैदानाच्या कडेला मेंढ्या एका बाजूला आणि कोकरं दुसऱ्या बाजूला बांधली होती. निदान त्यांच्या आकांतानं तरी वर कुणाला दया यावी.

शेखांचा झगा शहरात प्रसिद्ध होता. ठिगळावर ठिगळ, मूळची लोकर कुठली, ते शोधावं लागे. बायका आजारी पोरं घेऊन येत आणि त्याचा काठ पोरांच्या कपाळाला लावत. चार वर्षांपूर्वी अमिरानं शेखांना डाळिंबी रेशीम पाठवलं, तेव्हा मशिदीच्या अंगणात भर लोकांत त्यांनी तागा परत केला होता. अल्लाहपुढे उभं राहायला लोकर पुरते, असं तेव्हा ते म्हणाले. ते बोल अजून बाजारात फिरत होते. तागे दोन आले होते, हे मात्र बाजाराला ठाऊक नव्हतं.

दुसरा तागा झग्याच्या आत होता. पुरुषाला रेशीम वर्ज्य, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सुरुवातीला थंडी होती, पाठ दुखत होती, अशा सबबी होत्या. पुढे सबबींचीही गरज उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आदल्या दिवशी त्यांनी बायकोला अस्तर उसवून द्यायला सांगितलं. झैतूनानं चार टाके काढले, झगा उजेडात धरला आणि कात्री खाली ठेवली.

"हे काढलं तर हातात चिंध्या येतील," ती म्हणाली. "लोकर केव्हाच विरलीय. तुमची फकिरी रेशमाच्या जिवावर उभी आहे, शेखसाहेब."

दुसरा झगा घालून जावं, तर लोकांचा सगळा भरवसा याच झग्यावर. मग शेखांनी पळवाट शोधली. इराककडचे काही विद्वान म्हणतात, झगा उलटा करायची काही गरज नाही, नुसती दुआ पुरे. शेख जन्मभर त्या विद्वानांशी भांडले होते. आज सकाळी ते एकाएकी फार समंजस वाटू लागले. तरी धास्ती जाईना. मैदानाकडे येताना, नमाजेत, कपाळ मातीला टेकलेलं असतानासुद्धा मनात एकच मागणं चाललं होतं. या अल्लाह, कुणाची नजर पडू देऊ नकोस.

त्यांनी काठावरचे हात खाली घेतले. आता सरळ दुआ सुरू करायची, बस्स.

मागे कुणी हललं नाही. कोकरं ओरडत होती. पहिल्या रांगेतून तमीम कुंभाराचा कोरडा आवाज आला.

"शेख, आम्ही थांबलोय."

त्यात तक्रार नव्हती, घाई नव्हती. जोवर शेखांचा झगा उलटत नाही तोवर गावात कुणाचाच उलटणार नव्हता, एवढंच ते सांगणं होतं. शेखांच्या पाठीतून भीती सरकत गेली, आणि ही भीती निराळी आहे हे त्यांना कळलं. इतकी वर्षं ते माणसांनाच भीत आले होते. त्या भीतीलाच गाव भक्ती म्हणत होतं.

त्यांनी झगा उतरवला, उलटा केला आणि पुन्हा अंगावर घेतला.

डाळिंबी पाठीवर ऊन पडलं. शेखांनी डोळे मिटले. पहिला दगड बहुधा खाटकांच्या बाजूनं येईल, असं त्यांना वाटलं. मागे सळसळ झाली, वाढत गेली, मैदानाच्या टोकापर्यंत गेली. मग एक हुंदका आला. मग दुसरा. दगड काही येईना, शिवीही येईना. शेवटी न राहवून ते वळले.

हमदून व्यापाऱ्यानं भर मशिदीत शपथ घेतली होती, की आपली कोठारं रिकामी आहेत. त्याच्या झग्याच्या अस्तराला कोठाराची किल्ली शिवलेली होती. तो तिच्याकडे बघत होता. तमीमचा मुलगा गेल्या उन्हाळ्यात वारला होता. अल्लाहची ठेव होती, त्यानं नेली, एवढं बोलून तमीमनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता त्याच्या अस्तरावर एक इवलीशी बाही टाचलेली होती आणि त्यानं तीवर तोंड दाबून धरलं होतं. त्यांच्यामागे, रांगांमागून रांगा, जो तो आपापल्या अस्तरावर वाकला होता. कुणाच्या आत काय होतं, ते शेखांना दिसलं नाही. एवढ्या माणसांचं आतलं एकाच उन्हात उघडं पडलं होतं, आणि ज्याच्यापुढे पडलं होतं त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

शेख भर मैदानात रेशमात उभे होते, आणि त्यांच्याकडे बघणारं एकही माणूस नव्हतं. सकाळपासूनचं मागणं पुरं झालं होतं.

त्यांचे गुडघे मातीत टेकले. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की पाऊस मागायचा राहिलाय.