थंडीच्या फळीवरची तक्रार

"या चिठ्ठीत खोटं लिहिलंय," कंडक्टर म्हणाले आणि त्यांनी पुस्तक ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे जवळजवळ आपटलंच.

हे वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं. वाटेत मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं, कारण कालपासून कोणाशी बोलणंच न झाल्यानं आवाज बसल्यासारखा वाटत होता. ज्या माणसानं उभा जन्म बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" करत काढला, त्याच्या घशाला गंज चढावा! पण बायको गेली, मुलगी लग्न होऊन दूर गेली आणि तीही वेळ आली खरी. भिंतींना कान असतात म्हणतात. तोंड नसतं, हे कंडक्टरांना एकटं राहायला लागल्यावर कळलं.

वाचनाची आवड म्हणाल तर शून्य. ते वाचनालयात यायचे ते दाराजवळच्या फळीसाठी. ऋतू बदलला की बाई त्या फळीवर आपल्या शिफारशीची पुस्तकं मांडायच्या. उन्हाळ्यात हलकंफुलकं, पावसाळ्यात जाडजूड, थंडीत मायेचं, असा त्यांचा हिशेब. त्यातलं एक उचलून टेबलाशी गेलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि "हे ना काका, फार छान आहे" म्हणून सुरू व्हायच्या. माणसं कोण, राहतात कुठे, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं. कंडक्टर मान डोलवत ऐकायचे. पुस्तक घरी जाऊन आठवडाभर उशाशी पडायचं आणि परत यायचं. "कसं वाटलं?" बाई विचारायच्या. "झकास!" कंडक्टर म्हणायचे आणि पुढचं पुस्तक पुढे करायचे.

यंदा थंडीच्या फळीवर प्रत्येक पुस्तकाखाली चिठ्ठी आली. बाईंच्याच अक्षरात, चार-चार ओळी. कंडक्टरांनी नेहमीसारखं एक पुस्तक टेबलावर नेलं, तर बाईंनी मान वर न करता शिक्का मारला. "चिठ्ठीवर लिहिलंय काका सगळं," म्हणाल्या. झालं. कंडक्टर पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तेव्हा त्यांना चक्क रडू येत होतं. एवढ्याशा गोष्टीचं काय रडायचं, असं त्यांनी स्वतःला विचारूनही पाहिलं, पण उपयोग झाला नाही.

आता बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं. भांडणाइतकं हक्काचं निमित्त नाही, हे बसमध्ये शिकलेला तो माणूस. चिठ्ठीत चूक काढायचीच असं ठरवून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अख्खी कादंबरी वाचली.

"काय खोटं आहे?" बाईंनी विचारलं.

"दोन भावांच्या अबोल्याची गोष्ट, शेवट मनाला ऊब देणारा, असं लिहिलंय तुम्ही. ऊब कुठाय? धाकटा थोरल्याच्या दारावर थाप मारतो आणि पुस्तक खलास! थोरल्यानं दार उघडलं की नाही, काही पत्ता नाही. पैसे पुऱ्या तिकिटाचे घ्यायचे आणि अर्ध्या रस्त्यात उतरवायचं, त्यातला प्रकार झाला हा."

"उघडलं असणार."

"कशावरून?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या कंडक्टरांकडे बघत राहिल्या. "काका, तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत?"

"म्हणजे काय! नेहमीच वाचतो."

"नाही वाचत." बाईंचा आवाज शांत होता. "पावसाळ्याच्या शेवटी नेलेल्या पुस्तकाची मधली पानं छापखान्यात कापायची राहून गेली होती, एकमेकांना जोडलेली होती. परत आलं तेव्हाही ती चिकटलेलीच. तरी तुम्ही झकास म्हणालात."

कंडक्टरांचा चेहरा पडला. बिनतिकीट प्रवासी कसा उभा राहतो, ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. आज तसं उभं राहावं लागलं.

"मग मला वाटलं, मीच आपली बडबडते," बाई म्हणाल्या. "घरीसुद्धा माझं तोंड सुरू झालं की सून दुसऱ्या खोलीत निघून जाते. म्हटलं, काका बिचारे भिडेखातर ऐकून घेतात. चार ओळी लिहून टाकाव्यात, म्हणजे त्यांची सुटका होईल."

वाचनालयात त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं. एरवीही फारसं कोणी नसायचंच. फळीभर चिठ्ठ्या बाईंनी नेमक्या कोणासाठी लिहिल्या होत्या, हे आत्ता कुठे कंडक्टरांच्या डोक्यात शिरलं. त्यांना हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, कळेना. बाई टेबलावरचा शिक्का उगाच इकडचा तिकडे करत होत्या.

"मग काय करू?" त्यांनी शेवटी विचारलं. "पुस्तक जमा करून घेऊ, की शेवटाबद्दल भांडायचंय अजून?"

"शेवटाचं राहू द्या." कंडक्टर समोरची खुर्ची ओढून बसले. "तुम्ही पहिल्यापासून सांगा."

"अहो, पण तुम्ही वाचलंय ना आता!"

"वाचलंय," कंडक्टर म्हणाले. "ऐकलं कुठंय?"